‘न्हाणीत पडल्या’: डिमेन्शियाच्या रुग्णाची काळजी घेणारी एक सून आणि तिचा गट

पार्श्वभूमी

सुनंदा (नाव बदललं आहे, ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशीलही बदलले आहेत) ५३ वर्षांच्या. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत दोन खोल्या खाली, दोन वर असं घर. नवरा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. सकाळी आठला डबा घेऊन जातो, तो रात्री आठलाच उगवतो. मुलगा बेंगळुरूला, दीर पुण्याला, नणंद इचलकरंजीत. घरात दिवसभर दोघीच: सुनंदा आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. त्यांना त्या लग्न झाल्यापासून ‘आत्ती’ म्हणतात.

आत्तींना चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू कमी होत जाण्याचा, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आता आजार मधल्या टप्प्यात आहे. स्मरणासाठी दिली जाणारी डोनेपेझिलची गोळी चालू आहे. चालतात, हातानं जेवतात, पण सुनंदा त्यांना कधी सून वाटते, कधी भांडीवाली, कधी केव्हाच वारलेली धाकटी बहीण. दिवेलागण झाली की ‘मला घरी सोडा’ हा धोशा सुरू होतो आणि पिशवीत लुगडी भरली जातात. घरातली कुठलीही गोष्ट सापडली नाही की ती सुनेनं चोरली, असं शेजारणीला खिडकीतून सांगितलं जातं.

हे घर अपवाद नाही. देशपातळीवरच्या पाहणीवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे त्या वयोगटात शंभरातल्या सातांहून अधिक लोकांना. यातल्या बहुतेकांची काळजी घरातच घेतली जाते, आणि ‘घरात’ म्हणजे प्रत्यक्षात एकाच बाईकडून.

अडचण

सुनंदा आमच्याकडे समुपदेशनासाठी आल्या त्या फिजिशियनच्या चिठ्ठीवर. रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात येत नव्हता, झोप नव्हती, पाठ धरलेली. चिठ्ठीवर ‘ताण’ एवढंच लिहिलेलं. बोलायला बसल्यावर पहिला अर्धा तास त्या आत्तींच्या औषधांबद्दलच बोलल्या. स्वतःबद्दल विचारलं की, “मला काय झालंय? मी धडधाकट हाय,” म्हणून मोकळ्या.

काळजीवाहकाचा भार मोजायला आम्ही झरीट यांची २२ प्रश्नांची मापनी वापरतो. तिच्यात ० ते ८८ गुण असतात. सुनंदांचे गुण ४१ ते ६० या, मध्यम ते तीव्र भाराच्या पट्ट्यात आले. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीतही १०ची रेघ ओलांडलेली. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “देवानं दोघींना एकदमच न्यावं, असं वाटतं कधीकधी.” हे वाक्य आपल्याकडे इतकं सहज बोललं जातं की ऐकणारा पुढे सरकतो. आम्ही सरकलो नाही. योजना आहे का, घरात कीटकनाशक किंवा जास्तीच्या गोळ्या आहेत का, याआधी काही प्रयत्न झाला होता का, हे सरळ विचारलं. योजना नव्हती. तरीही आत्तींच्या गोळ्या कुलपात ठेवायला सांगितल्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये घालून दिला, आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात ठरवली.

अपराधीपणा सगळीकडून डोकावत होता. जाऊबाई पुण्यात सुखात आहेत असं मनात येतं, त्याचा. मुलाच्या घरी बेंगळुरूला एकदाही जाता आलं नाही, त्याचा. दुपारी दार लावून मालिका बघते, त्याचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी “पाप लागंल मला” हे ठरलेलं. एक गोष्ट मात्र त्या दर वेळी जवळ आणून परत नेत होत्या. उजव्या हातात एकही बांगडी नव्हती, डाव्या हातात दोन्ही हातांच्या भरल्या होत्या. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “आंघोळ घालताना लागतात त्यांना.”

समोरचे पर्याय

एकेकट्यानं समुपदेशन हा सरळ पर्याय होता. त्यात गुप्तता जास्त, आणि पेठेत राहणाऱ्या बाईला गुप्तता लागतेच. इथं रिक्षा कुठल्या दवाखान्यापुढं थांबली हे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. पण आमचा अनुभव असा की अशा अपराधीपणावर समुपदेशकाचा दिलासा फार काळ टिकत नाही. ‘तुम्ही खूप करताय’ असं पगारी माणसानं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हिला खरं कुठं माहीत आहे?

नुसत्या औषधांवर ठेवणं मानसोपचारतज्ज्ञांनाच पटलं नाही. त्यांनी नैराश्याची गोळी सुरू केली आणि सोबत बोलण्याचं काम चालू ठेवा असं बजावलं. दिवसाची बाई ठेवणं हा पर्याय नवऱ्यानं एका वाक्यात उडवला: “परक्या बाईच्या हातात आईला द्यायची?” संस्थेत ठेवण्याचा विषय तर घरात उच्चारायचीच सोय नव्हती.

उरला पर्याय गटाचा. शेजारच्या गोव्यात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती आणि आधार दिल्यावर काळजीवाहकांचं मानसिक आरोग्य सुधारलं होतं. तो गट-उपचार नव्हता, पण त्यातून एवढं कळत होतं की तज्ज्ञांची फौज नसतानाही या लोकांसाठी पुष्कळ करता येतं. आम्ही दोन भेटी एकेकट्यानं घेऊन मग गट, असा क्रम ठरवला. सुनंदांची अट एकच: “आमच्या पेठेतलं कोण असलं तर मी येणार न्हाई.” यादी तपासली. कोणी नव्हतं.

गट कसा बसवला

एका धर्मादाय दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची खोली, आठवड्यातून एकदा दीड तास, आठ बैठका. सात माणसं: तीन सुना, दोन मुली, वडिलांना सांभाळणारा एक मुलगा, आणि बायकोला सांभाळणारे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे आण्णा म्हणू लागले. चालवायला मी आणि एक मनोसामाजिक कार्यकर्ता.

बाया आण्णांसमोर बोलतील का, यावर आमच्यात बराच वाद झाला. नुसत्या सुनांचा गट केला असता तर बोलणं लवकर सुटलं असतं हे खरं, पण ते सासू आणि नणंद या दोनच विषयांवर फिरत राहिलं असतं. पुरुषही खचतात हे सुनांनी बघावं, आणि आंघोळ-संडासचं काम सुनेच्या वाट्याला येतं तेव्हा काय होतं हे पुरुषांनी ऐकावं, म्हणून मिश्र गट ठेवला.

नियम थोडे होते. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही; मात्र कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही गप्प बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. मागितल्याशिवाय सल्ला नाही. आणि एक नियम लोकांना विचित्र वाटला: कुणी स्वतःची चूक सांगितली की लगेच ‘तुझं काही चुकलं नाही’ असं म्हणायचं नाही. आधी विचारायचं, मग काय झालं? सांत्वन लवकर आलं की सांगणारा तिथंच थांबतो, आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा पुढच्या वाक्यात असते.

स्पेनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये डिमेन्शियाच्या काळजीवाहकांच्या अपराधीपणासाठी २२ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गाठी दिसतात: रुग्णाशी वाईट वागल्याची, आपण कमी पडल्याची, स्वतःकडे लक्ष दिल्याची, घरातल्या इतरांकडे दुर्लक्ष झाल्याची, आणि इतरांबद्दल मनात वाईट आल्याची. आम्ही तिचे गुण मोजले नाहीत. बोलणं ऐकताना यातली कुठली गाठ आहे, एवढं मनात ठेवायला ती फार उपयोगी पडते, कारण प्रत्येक गाठ सोडवायची रीत वेगळी. दुपारी मालिका बघण्याचा अपराधीपणा आणि हात उचलल्याचा अपराधीपणा यांना एकच मलम लावून भागत नाही.

पुंडलिक

दुसरी बैठक आषाढीच्या आदल्या आठवड्यात आली. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर आलेला एक मजकूर वाचून दाखवला: आईबाप वृद्धाश्रमात आणि मुलगा परदेशात, शेवटी श्रावणबाळ. वाचणारीचेच डोळे भरले. सुनंदा म्हणाल्या, “पुंडलिकानं आईबापासाठी देवाला विटंवर उभा केला. मला आत्तींच्या हाका पाच मिनिटं ऐकून घेववत न्हाईत.”

खोलीत माना हलल्या. आण्णा वारकरी घरातले. ते म्हणाले, “व्हय, पण आधी काय केलता पुंडलिकानं? आईबापाचे हाल हाल केलते. ती गोष्ट कोण सांगत न्हाई. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात डोळं उघडलं, मग सेवा.” पुढं म्हणाले, “आणि त्याचे आईबाप रात्री दोनला उठून त्याला चोर म्हणत नव्हते.”

सगळे हसले, त्या गटातलं ते पहिलं हसू. मला विचाराल तर आमच्या कुठल्याही तंत्रापेक्षा या बोलण्यानं जास्त काम केलं. मोजायची फूटपट्टी तीच राहिली, पण तिच्यावर चुकून सुधारण्याची खूण असते हे दिसलं.

त्याच बैठकीत कागलहून येणारी, शाळेत शिकवणारी मुलगी म्हणाली की वडील समोर बसलेले असतात तेव्हाच तिला त्यांची सगळ्यात जास्त आठवण येते. माणूस आहे आणि नाही, अशा नुकसानीबद्दल अमेरिकेतल्या पॉलीन बॉस १९७०च्या दशकापासून लिहीत आल्या आहेत. त्या दुःखाला दहावा-तेरावा नसतो, भेटायला कुणी येत नाही. मग ते चिडचिडीच्या वाटेनं बाहेर पडतं आणि चिडचिडीचं पाप वाटतं. हा धागा आम्ही पुढच्या बैठकांत वारंवार धरला.

चौथी बैठक

मधे पंचगंगेचं पाणी वाढलं. चिखलीच्या सूनबाईंना सासऱ्यांना घेऊन नातेवाइकांकडे हलावं लागलं, त्या दोन बैठका आल्याच नाहीत. जागा बदलली की अशा रुग्णांचा गोंधळ किती वाढतो, हे त्यांनी फोनवर रडत सांगितलं.

चौथ्या बैठकीत आण्णा बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले होते. मग म्हणाले की रात्री बायको उठून दार उघडते, एकदा हमरस्त्यापर्यंत गेली होती, म्हणून ते तिला जुन्या लुगड्यानं खाटेला बांधतात. “पन्नास वर्सं संसार केला. जनावरावानी बांधतोय.”

नियमाप्रमाणे कुणी सांत्वन केलं नाही. मुलानं विचारलं, “मग?” आण्णा म्हणाले, “मग मला झोप लागती.”

इथं आम्हाला दोन कामं एकदम करायची होती. बांधण्यात गळफास बसण्याचा, पडण्याचा धोका असतो. तो त्याच दिवशी थांबायला हवा होता. आणि ज्यानं धाडस करून सांगितलं त्याला सांगितल्याची शिक्षा वाटता कामा नये. सहकाऱ्यानं गटालाच विचारलं: दार कसं सांभाळता? मग अनुभव निघाले. कडी डोक्याच्या वर, नजरेच्या टप्प्याबाहेर बसवायची. गादी खाली जमिनीवर टाकायची. दाराला बैलाच्या गळ्यातली घुंगरांची माळ अडकवायची म्हणजे दार हललं की जाग येते. ही शेवटची युक्ती आण्णांना इतकी आवडली की त्यांनी ती माळ कुठं मिळेल हे तिथल्या तिथं विचारून घेतलं.

बैठक संपायला दहा मिनिटं असताना सुनंदा बोलल्या. “आत्ती न्हाणीत पडल्या न्हवत्या. मी मारलंय त्यांना.” डोक्यावर तांब्या ओतला तशी आत्तींनी त्यांच्या दंडाला कडकडून चावा घेतला, सुनंदांनी हात उचलला, बांगड्या फुटून म्हाताऱ्या कातडीवर काळंनिळं उठलं. दोन दिवसांनी नणंद आली, तिनं विचारलं. “न्हाणीत पडल्या, म्हणून सांगितलो मी वन्संना. खोटं बोललो.”

त्यानंतरचा निर्णय

वेळ संपत आली होती. बैठक लांबवायची की नाही? आम्ही वीस मिनिटं वाढवली. एवढं उघडं करून माणसाला रिक्षात बसवून देता येत नाही. आण्णा फक्त एवढंच म्हणाले, “पोरी, चावल्यावर तुला बी लागलं असंल की.” तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. दंडावरचा व्रण अजून होता.

सुनंदांना आम्ही स्पष्ट सांगितलं की आत्ती सुरक्षित आहेत का, हे बघायला आम्ही घरी येणार. तीन गोष्टी पाहायच्या होत्या: हे पुन्हा घडलंय का, सुनंदांना राग चढताना तो ओळखता येतो का, आणि आंघोळीलाच का घडतं. पुन्हा मार झाला नव्हता. राग ओळखता येत होता. कानशिलं तापतात, असं त्या म्हणाल्या. तेव्हा दार ओढून बाहेर यायचं, आत्ती ओल्या राहिल्या तरी चालतील पण पंचा गुंडाळून स्टुलावर बसवायचं आणि पाच मिनिटांनी परत जायचं, हे ठरलं. पुन्हा हात उचलला गेला तर त्याच दिवशी फोन करायचा आणि घरात दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंच, हेही ठरलं.

आंघोळीचं कारण घरी गेल्यावरच सापडलं. आत्तींचं पोलकं काढताना उजवा हात मागं न्यावा लागत होता, आणि तो खांदा आखडलेला होता. डॉक्टरांनी तपासल्यावर खांद्याचं दुखणं पक्कं झालं. दुखतं हे सांगायला शब्द उरलेले नाहीत, समोरची बाई ओळखीची वाटत नाही, ती कपडे काढतेय आणि डोक्यावर पाणी ओततेय; चावणार नाहीत तर काय करतील? वेदनाशामक उपचार सुरू झाले. पोलक्याऐवजी पुढून बटणांचा गाऊन आला. डोक्यावरून तांब्या बंद. स्टुलावर बसवून, अंगावर टॉवेल ठेवून, आधी पाय, मग हात, पाणी त्यांच्याच हाताला लावून दाखवत. केस वेगळ्या दिवशी. रोजच्याऐवजी एक दिवसाआड आंघोळ, मधल्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसणं. बिनआंघोळीचं देवाजवळ कसं बसवायचं, हा सुनंदांचा प्रश्न होता. त्यावर गटातल्या एका सुनेचं उत्तर: “देवाला चालतंय, सासरच्यांना चालत न्हाई.”

नणंदेला सांगायचं का

हा सगळ्यात अवघड प्रश्न होता, आणि गट यावर दुभंगला. मुलींचं म्हणणं, सांगायलाच हवं, ती आई आहे तिची. सुनांचं म्हणणं, सांगितलंत की जन्मभर तेच ऐकाल. आम्ही बाजू घेतली नाही. सुनंदांना एवढंच विचारलं की खोटं सांभाळण्यात किती ताकद जाते. सहाव्या बैठकीत त्यांनी रिकाम्या खुर्चीत नणंद बसली आहे असं समजून बोलून पाहिलं. एका मुलीनं नणंदेची भूमिका करून त्यांना चांगलंच झापलं. तिसऱ्या प्रयत्नात त्यांचं वाक्य सरळ झालं: मी मारलं, एकदा, का ते सांगते, आणि आता काय करते तेही सांगते.

पुढच्या रविवारी त्यांनी ते सांगितलं. नणंद भडकली. गाऊन बघून तर जास्तच: “आईला गाऊन घालून ठेवलायसा?” तिनं पुण्याला भावाला फोन लावला आणि दोन दिवस घरात फोनवर रणकंदन चाललं. पण त्या भांडणातच पहिल्यांदा प्रश्न पडला की रोज आंघोळ घालतं कोण. सकाळच्या चार तासांसाठी बाई ठेवायचं ठरलं, पैसे दीर देणार. नवऱ्याचा ‘परकी बाई’ हा मुद्दा आपोआप गळाला.

निष्पत्ती

आठव्या बैठकीनंतर झरीटच्या मापनीवर सुनंदा खालच्या पट्ट्यात, २१ ते ४०च्या वरच्या टोकाला आल्या. झोप सुधारली, नैराश्याची गोळी चालू राहिली, ‘दोघींना न्यावं’ हा विचार आता येत नाही असं त्या म्हणाल्या. आंघोळीला चावा पुन्हा झाला नाही, शिवीगाळ होते. हे श्रेय गटाचं किती, गोळीचं किती आणि सकाळच्या बाईचं किती, हे एका प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही. माझ्या मते खांद्याच्या उपचाराचा वाटाही छोटा नाही.

अपराधीपणा गेलेला नाही. मारल्याची खंत आहे, आणि ती असावी असं सुनंदांनाच वाटतं. दुपारच्या मालिकेचं मात्र आता काही वाटत नाही. नणंद दोन महिने आली नाही. मग आली आणि आईला दोन रात्री घेऊन गेली. परत सोडताना काही बोलली नाही. दिरांचे पैसे वेळेवर येतात. “पैसं येत्यात, फोन येत न्हाई,” असं सुनंदा म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

बैठकांची वेळ आधी दुपारी चारची होती. तिथून घरी पोचेपर्यंत दिवेलागण, म्हणजे रुग्ण सगळ्यात जास्त बेचैन असण्याची वेळ. लोक पाचलाच चुळबुळायला लागायचे. तिसऱ्या आठवड्यात वेळ सकाळी साडेअकरा केली आणि हजेरी सावरली. ती पहिल्यापासून तशीच हवी होती.

घरभेट गटाच्या आधी झाली असती तर खांद्याचं दुखणं महिनाभर लवकर कळलं असतं. ज्या रुग्णाचा त्रास ठराविक एकाच कामाला होतो, तिथं आधी दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग तपासायचा, मग काळजीवाहकाच्या मनाकडे वळायचं; हा क्रम आता आम्ही पाळतो.

नवऱ्याला कधी आणायचं, यावर अजूनही आमचं एकमत नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, तिसऱ्या बैठकीच्या आसपास एक कौटुंबिक बैठक ठेवली असती तर नणंदेला सांगण्याचा सगळा भार सुनंदांवर पडला नसता. मला वाटतं, नवरा इतक्या लवकर खोलीत आला असता तर चौथ्या बैठकीतलं वाक्य निघालंच नसतं. एक तडजोड केली आहे: घरच्यांची बैठक वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, आणि काळजीवाहकाला विचारूनच.

व्हॉट्सअॅप गट आम्ही सोयीसाठी काढला होता. त्यावर ब्राह्मीचे काढे आणि श्रावणबाळाचे मजकूर यायला लागले, आणि रात्री अकराला कुणीतरी ते वाचून रडत बसायचं. आता त्यावर फक्त बैठकीची वेळ टाकता येते.

आणि नाव नोंदवतानाच विचारतो: तुम्ही इथं असताना घरी कोण बसणार? सुनंदा पहिल्या तीन आठवड्यांत शेजारणीला बसवून येत होत्या, आणि शेजारणीला त्यांनी ‘बँकेत जाते’ असं सांगितलं होतं. पुढच्या गटापासून दवाखान्याच्या खालच्या खोलीत रुग्णांना बसवायची सोय केली आहे. दोन कार्यकर्त्या तिथं त्यांना वाती वळायला आणि शेंगा सोलायला देतात.